जलपर्णी परत मिळण्याबाबत

सरोवरातली जलपर्णी संपल्यामुळे आमचा कागदाचा कारखाना बंद पडला. हे वाक्य तूर्त विसरा, कारण कारखाना अजून निघालेलाच नाही आणि जलपर्णी इतकी माजली आहे की तिच्यावर कोंबड्या फिरतायत.

होड्या त्या जलपर्णीत रुतून बसल्या होत्या. होड्या नाहीत म्हणून मासळी नाही, आणि मासळी नाही म्हणून माझ्या आईला काम नाही. आई, तिचं नाव अपोंडी, मासळी धुरावर भाजून किसुमू शहराच्या बाजारात विकायची. लोकांना वाटलं, आता ही रडणार. तिने अंघोळ केली, स्वतःचे हात हुंगले आणि म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच धुराचा वास येत नाहीये. मी परत मासळीला हात लावायची नाही."

मग तिने जलपर्णीचे देठ चिरले, राखेच्या पाण्यात शिजवले, उखळात कुटले. बाबांच्या झोपायच्या खोलीची खिडकी काढली, चौकटीवर मच्छरदाणी ताणली आणि लगदा तिच्यावर पसरला. खिडकी गेल्याचं बाबांना शेजाऱ्याची शेळी आत आल्यावर कळलं.

कागद अंगणात वाळत होता, तेवढ्यात थोरली आली. बाबांच्या तीन बायका. आमच्याकडे थोरलीने पेरल्याशिवाय मधली पेरत नाही, मधलीने पेरल्याशिवाय धाकटी नाही. नाहीतर घरावर संकट येतं. आई धाकटी.

"अपोंडी, माझ्याआधी पेरलंस?"

"थोरल्या बाई, हा कागद आहे. मका नाही."

"पसरलास, उन्हात ठेवलास, आता काढणार. मका याहून वेगळं काय करतो गं?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीच्या भोकातून म्हणाले, "संकट आलंच आहे. माझ्या अंथरुणावर बसलंय."

कागद फाडून टाकला. थोरली पहिला कागद करेपर्यंत थांबायचं ठरलं.

"बघते," थोरली म्हणाली. "गुडघा बरा झाला की."

गुडघा काही बरा होईना. इकडे मुख्याध्यापक ओयुगी सर शाळेच्या प्रशस्तिपत्रांसाठी कागद मागून गेले. शेवटी आईने शिजवलेला, कुटलेला लगदा थोरलीच्या दारात नेऊन ठेवला. थोरलीने तो बसल्या जागी ओतला, वर फळी ठेवली आणि फळीवर स्वतः बसली. पाण्याचा लोट फाटकापर्यंत गेला. कागद मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीएवढा जाड झाला, आत एक गोगलगायही होती. थोरलीने तो उन्हासमोर धरला. पलीकडचं काहीच दिसेना.

"आणखी एक करते," ती म्हणाली. गुडघ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मधली नाकुरूला लेकीकडे होती. एका कागदासाठी ती बसने आली आणि परत गेलीच नाही. मग आईची पाळी.

ओयुगी सरांनी कागद वाकवून पाहिला. वाकला नाही. "छान," ते म्हणाले. "पोरांनी रागाने फाडायला घेतला तरी फाटायचा नाही."

मग शेजारच्या घरांनी कागद सुरू केला. प्रत्येक घरात एकेक थोरली होतीच, खिडक्याही होत्या. वर्षभरात किनाऱ्यावर मोठी शेड उभी राहिली आणि एकाही घराला खिडकी उरली नाही. रोज पहिला कागद आमच्या थोरलीचा. तिची जांभई हाच कारखान्याचा भोंगा.

आणि एके दिवशी सरोवरात जलपर्णी नाही, नुसतंच पाणी दिसलं. होड्या गात गात आत गेल्या. कोळ्यांनी आईचे आभार मानले आणि मासळीची टोपली तिच्यापुढे ठेवली. "घे, अपोंडी! आता पुन्हा तुझा धंदा!"

आई टोपलीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलली आणि थोरलीच्या दारात नेली.

"थोरल्या बाई, हा नवा हंगाम. पहिला मासा तुम्ही भाजायचा. त्याआधी मला हात लावता येत नाही."

थोरलीने मासळी बघितली. मग आईचे हात बघितले.

"बघते," ती म्हणाली. "गुडघा बरा झाला की."

त्याच दुपारी शेवटच्या कागदावर मी सरोवर खात्याला अर्ज लिहिला:

महोदय, आपल्या सरोवरातील जलपर्णी आमच्याकडून संपली आहे. तरी ती कृपया पुन्हा सोडण्यात यावी, शक्यतो आमच्या बाजूला. कोळी बांधवांची हरकत नाही, कारण त्यांना अद्याप विचारलेले नाही. थोरल्या बाईंचा गुडघा बरा होण्यापूर्वी निर्णय व्हावा, ही नम्र विनंती.