दोनशे चौदा हजर

मंदी संपली असं अर्थमंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी मान वर केली नाही. संपवली आम्हीच होती ना. कुठल्या कारखान्यात किती माणसं कामावर, किती माल निघाला, हे आकडे आमचं खातं दर तिमाहीला गोळा करतं. एखाद्याचं उत्तर आलं नाही की मागचा आकडा पुढे ओढायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी कुणीतरी जाऊन बघून तरी यायचं. मंदीत काटकसर म्हणून बजेटमधून आमचा प्रवासखर्चच कापला. मग बघणारं कोण? नुसते कागदी घोडे. ते मात्र दमले नाहीत, आणि सलग दोन तिमाही घसरण थांबली.

त्यातला एक घोडा माझा. माझा थोरला भाऊ बेअरिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होता. चौदा महिन्यांपूर्वी तिथे कुलूप लागलं. त्या तिमाहीला त्या कारखान्याची ओळ माझ्यासमोर आली आणि शून्य लिहायला हात धजेना. महिन्याभरात उघडेल, म्हटलं, कशाला अपशकुन? दोनशे चौदा माणसं पुढे ओढली. पुढच्या वेळी पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी तर विचारही केला नाही.

आणि आता नवं बजेट. बेकारभत्ता यापुढे फक्त बंद कारखान्यांतल्या माणसांना. बंद म्हणजे आमच्या नोंदीत बंद. वहिनीचा फोन आला. "ताई, आमचा भत्ता थांबणार म्हणे. कारखाना चालू आहे म्हणतात. कुठला मेला चालू आहे?"

त्या घराची चूल त्या भत्त्यावर चालते. मीच माझ्या हाताने तो काढून घेतला होता, आणि वर "बघते हं" म्हणाले. लाज वाटली स्वतःची.

आमच्या साहेबांना सगळे दशांशसाहेब म्हणतात. घड्याळातली वेळही ते दशांशात सांगतील. त्यांना म्हटलं, ही ओळ चुकली आहे. ते म्हणाले, "फोन करून खात्री करा. बंद कारखान्यांची यादी शुक्रवारी जाते."

बंद कारखान्याचा फोन, वाजून वाजून थांबेल असं वाटलं होतं. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"बोला. कारखाना चालू आहे. दोनशे चौदा हजर."

आवाज दादाचा होता. मी फोन ठेवला. वहिनीला वाटायचं, हे डबा घेऊन रोज काम शोधायला जातात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पाहणीचा फॉर्म घेऊन, पदरचे पैसे घालून गेले. मागचं दार लोटलेलं होतं. आत यंत्र एकही नव्हतं, सगळी विकली गेलेली. जमिनीवर प्रत्येकाच्या जागी तेलाचा काळा चौकोन राहिला होता. दादा इस्त्रीचा गणवेश घालून त्या चौकोनांना वळसे घालत माझ्याकडे आला.

"ठकू, कडेने ये. लेथ चालू आहे."

आणि मी खुळ्यासारखी कडेने गेले.

भिंतीवर हजेरीची कार्डं होती. दादा एकेक काढून वेळ छापणाऱ्या घड्याळात घालत होता, ठक्क, पुन्हा जागेवर ठेवत होता. एका कार्डापाशी थांबला. "हा रोज दहा मिनिटं उशिरा येतो," म्हणाला, आणि खरोखर दहा मिनिटं उभा राहिला. मीही उभी राहिले. दाराकडे बघत होते, देवाशपथ, आता कुणीतरी येईल म्हणून.

मग ठक्क झालं आणि मी भानावर आले.

"दादा, मला इथे शून्य लिहायचंय. नाहीतर तुमचा भत्ता जातोय. सगळ्यांचा जातोय."

"दोनशे चौदा आहेत. आत्ता तुझ्यासमोर हजेरी झाली."

"अरे, कुणी नाही इथे."

"मी आहे ना?"

तिथेच तर अडत होतं. नियमच असा, की कामावर एकही माणूस दिसला तर कारखाना चालू. बंदच्या यादीत घालायचा तर पाहणाऱ्याने लिहून द्यायचं, 'कामावर कुणीही आढळले नाही.' मी खाली बसले, फॉर्म मांडीवर घेऊन तेच वाक्य लिहायला लागले. दादा खांद्यावरून वाचत होता. त्याचा श्वास कानाला लागत होता.

"ठकू, मी दिसत नाही तुला?"

मला राग आला. त्याचा, त्या मंत्र्याचा आणि सगळ्यात जास्त माझा. हाताशी सापडला तो एकटा दादा.

"नाही," मी म्हटलं. "नाही दिसत." आणि सही केली.

भत्ता चालू राहिला, दोनशे चौदाही घरांत. देशाच्या आकड्याला तिसऱ्या दशांशात ओरखडा आला, साहेब म्हणाले एवढ्याने मंदी परत येत नसते. दादा आता घरीच असतो. जेवतो, झोपतो, वहिनीने हाताला धरून बसवलं की बसतो. हाक मारली तर ओ देत नाही. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत.

परवा मी त्याच्या पायाशी बसून रडले. म्हटलं, "मला चार शिव्या दे, पण बोल की रे माझ्याशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, नवल होतं. हळू आवाजात, जणू खात्री करून घ्यायला, त्याने विचारलं, "मी बोललेलं ऐकू येतं तुला?"