जाळरेषेतली झाडं

हर्षलाने गवताची एक काडी बोटांत वाकवून पाहिली. काडी वाकली नाही, तुटली. गेल्या आठवड्यात निदान वाकत तरी होती.

वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरची ही पट्टी दर थंडीत मुद्दाम जाळून काळी करायची रीत होती. वरून वणवा उतरला की पट्टीशी येऊन विझायचा, पुढे त्याला खायला काही उरलेलंच नसे. म्हणून ती जाळरेषा. पण यंदा पावसाळ्यात ग्रामपंचायतीला ही 'मोकळी जागा' सापडली आणि तिथे वृक्षारोपण झालं. प्रत्येक झाडापुढे एकेका मान्यवराच्या नावाची पाटी. बहुतेक झाडं दिवाळीतच वाळली. पाट्या टवटवीत होत्या. हिरवा होता तो एकच करंज, हर्षलाच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावाचा. ती सरपंच, त्याला पाणीही तीच घालायची.

पट्टी जाळायचा ठराव सभेमागून सभा पुढे ढकलला जात होता. वाडीतली माणसं दर सभेला आग आवरायला ओल्या डहाळ्या घेऊन येत, आणि सभा संपेपर्यंत डहाळ्या सुकून जात. आज सभा पट्टीवरच भरली होती. उपसरपंच योगेंद्रभाऊ जाळरेषा या शब्दाचा उगम सांगत होते. रेषा संस्कृत, जाळ आपला, कल्पना मात्र इंग्रज साहेबाची.

"मंग माझा आजा कोन व्हता, साहेब?" वाडीतल्या आवडीने विचारलं.

"आवडीबाई, मुद्दा वेगळा हाय. जाळ म्हटलं की मान्यवरांना वाईट वाटतं. आपण हरित सुरक्षा पट्टा म्हणू."

"म्हना की. वनव्याला पन कळवा."

"आणि पाट्या? नावं जाळायची का आमी?"

"पाट्या उपटून घ्या, भाऊ. झाडं नेलीत तरी चालंल. हायत कुठं?"

लोक हसत असतानाच खोपोलीकडच्या डोंगरधारेवर धूर उठला. हसू थांबलं. आवडी खाली आपल्या गवती छपराकडे बघत राहिली.

"तो लांब हाय," योगेंद्रभाऊ म्हणाले. "पुढच्या सभेत..."

हर्षलाने तुटकी काडी हातातून सोडली. ती सरळ खाली पडली. वारा नव्हता, संध्याकाळी असेल.

तिने करंजाजवळ जाऊन सासऱ्यांची पाटी उपटली आणि काखेत धरली.

"डहाळ्या ओल्या आहेत तोवर," ती म्हणाली, "पट्टी जाळा."