चारचं स्टॉक व्हेरिफिकेशन

आमच्या कंपनीचे सगळे ई-मेल, फायली आणि कॅलेंडर एका क्लाउडवरून उचलून दुसऱ्या क्लाउडवर न्यायचं ठरलं. कारण काय, तर आमचे मालक दीपक सर, त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे ते दुसरं होतं आणि आमच्या फायली तिकडे उघडल्या की रकाने वेडेवाकडे व्हायचे. आम्ही अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवतो. मी तिथे खरेदी बघते. रकाने मी सरळ करून दिले असते, पण मला कोण विचारतंय!

हे काम करायला बाहेरच्या कंपनीतून सृष्टी नावाची मुलगी आली. चुणचुणीत, बोलायला गोड. प्रत्येकाच्या टेबलाशी बसून काय न्यायचं आणि काय सोडायचं ते ती विचारत होती. माझ्याकडे सोडण्यासारखं पुष्कळ होतं. जुनी कोटेशनं, सरांचे सकाळचे सुविचार, सगळं सोड म्हटलं. मग ती कॅलेंडरपाशी येऊन थांबली.

"मॅडम, हे रोज चार वाजता स्टॉक व्हेरिफिकेशन आहे. पण ज्यांनी लावलंय त्या मनीषा मॅडमचं खातं बंद झालंय."

"बरं, मग?"

"लावणारं माणूसच सिस्टिममध्ये नाही, तर ते तिकडे नेऊन उपयोग नाही. नंतर बदलता येत नाही, काढताही येत नाही. हलवताना मी ते इथेच रद्द करते. तुम्ही तुमच्या नावाने नवीन लावून घ्या."

"तिच्या नावाने नाही का येणार?"

"नाही ना मॅडम."

मी "चालेल" म्हणून मोकळी झाले.

आता खरं सांगते. ते स्टॉक व्हेरिफिकेशन नव्हतंच. तो चहा होता. मनीषा स्टोअर सांभाळायची. दीपक सरांना नेमकी चार वाजताच मीटिंग घ्यायची हुक्की यायची आणि आमचा चहा बुडायचा. एक दिवस मनीषाने शांतपणे कॅलेंडरवर हे लावून टाकलं, तिचं नाव आणि माझं नाव. त्यानंतर सरांनी त्या वेळेला कधी हात लावला नाही. उलट बाहेरून कुणी आलं की कौतुकाने सांगायचे, आमच्याकडे रोज चारला स्टॉक तपासला जातो. आणि आम्ही दोघी गेटबाहेर चिमणाबाईच्या टपरीवर. मनीषा कपातला चहा बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायची. चारचौघांत तरी नीट पी, म्हणून मी तिच्यावर डोळे वटारायचे. ती आणखी मोठ्याने प्यायची.

मग तिच्या नवऱ्याची रेल्वेत इगतपुरीला बदली झाली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नोकरी सोडून ती गेली. इगतपुरी म्हणजे काही परदेश नाही, गाडीत बसलं की तासाभरात येतं. म्हणूनच की काय, आमचं जाणं कधी झालंच नाही. सुरुवातीला फोन व्हायचे. मधेच तिला सासूबाईंची हाक यायची, ती "करते गं नंतर" म्हणायची आणि ते नंतर राहून जायचं. हळूहळू फोनचे मेसेज झाले, मेसेजचे सणावाराचे गणपती आणि पणत्या झाल्या. मला राग आला होता. गेलीय ती, तिने करावा फोन, असं मी धरून बसले.

पण चार वाजता माझा मोबाइल टिंग करायचा आणि पडद्यावर यायचं, स्टॉक व्हेरिफिकेशन, मनीषा. दोन वर्षं रोज. दिवसभरात तेवढा एक क्षण असा असायचा की कुणीतरी मला नावाने हाक मारून उठवतंय. मी उठायचे, टपरीवर जायचे. चिमणाबाई रोज विचारायची, "मनीषाताईंची काय खबर हाय?" मी रोज म्हणायचे, मजेत आहे. मला काय माहीत, मजेत होती की नव्हती.

नवीन लाव म्हणे! मीच लावायचं, मीच वाजवायचं आणि मीच उठायचं. त्यात मनीषा कुठे?

सुट्टीच्या दिवशी सगळं सामान या घरून त्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी आलो तर सगळं चकाचक. रकाने सरळ झाले होते. सर खूश होऊन पेढे वाटत होते. मी कामात डोकं खुपसलं, पण लक्ष सगळं मोबाइलकडे. चार वाजले. मोबाइल गप्प. मी तो उलटासुलटा करून पाहिला, आवाज चालू होता. पाच मिनिटं तशीच बसले. डोळे भरून आले तसं उठून बाहेर पडले.

टपरीपाशी पोचते न पोचते तोच फोन वाजला. मनीषा.

"तेजू, तू रद्द केलंस?" ना हॅलो, ना काही.

"काय?"

"आपलं चारचं. आत्ता मेल बघितला, रद्द म्हणून आलाय मला."

"तुला कसा आला?"

"अगं, शेवटच्या दिवशी मी माझा घरचा मेल त्यात घालून ठेवला होता. मलाही वाजतं रोज. वाजलं की मी चहा टाकते. वाजतंय म्हणजे तेजू जातेय चहाला, असं मनात असायचं. आज रद्द दिसलं. म्हटलं कंटाळली असेल. बरोबरच आहे, कुणी किती दिवस ठेवेल."

मला रागच आला आधी, तिचा आणि माझाही. दोन वर्षं दोघींकडे एकाच वेळी वाजत होतं आणि दोघीही तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

"बावळट," मी म्हटलं, "मी नाही रद्द केलं. सगळं ऑफिस दुसरीकडे हलवलंय. तू सिस्टिममध्ये नाहीस म्हणे, म्हणून ते आलं नाही."

पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. मग फुर्र फुर्र असा आवाज आला.

"बशीतच पितेयस ना अजून?"

"हो," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसता हसता रडायला लागलो. चिमणाबाई हातात गाळणं धरून माझ्याकडे बघत राहिली.

"शनिवारी सुट्टी आहे," मी म्हटलं. "येऊ का तिकडे?"

"विचारतेस काय?"

"मग आता मी लावते कॅलेंडरवर. चार वाजता. घरच्या मेलवर पाठवते."

"नाव काय देशील?"

"मनीषाकडे चहा."

आतून तिच्या सासूबाईंची हाक ऐकू आली. या वेळी तिने फोन ठेवला नाही.

"तेजू," ती म्हणाली, "एकदाच नको लावूस."