दोन हातांचा चाकू

बाबांचा चाकू हरवल्याचं धाकट्याने मला फोनवर सांगितलं, ते कुणाचा तरी पाय मोडल्याचं सांगावं तसं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचा बाबांचा कारखाना आता तोच पाहतो. कारखाना म्हणायची आमच्याकडे पद्धत, इतकंच. दोन खोल्या, एक शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि पायाखाली सदैव काथ्या.

तो चाकू मला कळायला लागल्यापासून बाबांच्या उजव्या खिशात होता. घडीचा, काळ्या मुठीचा, पातं पाजवून पाजवून निम्मं झालेलं. त्यानेच ते जुन्या सोफ्यांची शिवण उसवत, सुतळी कापत, पेन्सिलीला टोक करत आणि जेवण झालं की पातं विजारीला पुसून सफरचंद सोलत. साल एका सलग फितीत उतरली पाहिजे. मधेच तुटली तर ती दुपार घरातल्या सगळ्यांना जड जायची.

बाबा वाईट बोलत. ही तक्रार नाही. काहींना जुना खोकला असतो तसं ते होतं. आई लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा रागावून माहेरी गेली होती, त्यावरून त्यांनी तिला मरेपर्यंत 'पाहुण्या' म्हटलं. धाकट्याला ते 'अर्धा हात' म्हणत. मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते, म्हणून मी 'वाचनालय'. "दुसऱ्यांच्या चुका खाऊन पोट भरते," असं ते माझ्यादेखत गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक हसलं की माझ्याकडे बघत, मीही हसते का ते पाहायला. मी हसत असे.

धाकटा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा चाकू कसा निवडायचा हे त्यांनी त्याला शिकवलं. मी सतरा वर्षांची होते आणि चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही, म्हणून मी तिथूनच सगळं पाठ केलं. पातं तीन बोटांएवढं; जास्त असलं तर खिशाशी भांडतं, कमी असलं तर कामाशी. मूठ चार बोटांत भरली पाहिजे. मिटल्यावर टोक आत गेलेलं हवं, उघडल्यावर पातं डुगडुगता कामा नये. आणि स्प्रिंग अशी कडक हवी की उघडताना नख दुखलं पाहिजे. "एका हाताने उघडतो तो चाकू नव्हे," बाबा म्हणाले होते, "ते गुंडांचं खेळणं. चाकू दोन हातांनी उघडायचा. दोन्ही हात चाकूवर असले की बोट कापत नाही." धाकट्याने हो हो म्हटलं आणि आठवड्याभरात चाकू हरवून आला. मी ते सगळं पंचवीस वर्षं जपून ठेवलं.

तेव्हा चाकू मीच आणायचा, असं मी ठरवलं. मला एवढंच हवं होतं की मी निवडलेली एक वस्तू त्यांच्या उजव्या खिशात असावी. बेचाळिसाव्या वर्षी असं काही हवंसं वाटणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं. तरी हवं होतं.

चाकू-कात्र्यांचं एक जुनं दुकान मला माहीत होतं. दुकानदाराने पुढ्यात मऊ कापड पसरलं आणि त्यावर एकेक चाकू ठेवत गेला. सगळ्यांत आधी त्याने अंगठ्याच्या एका रेट्याने उघडणारा चाकू दाखवला. पात्याच्या मुळाशी छोटी गुंडी होती, ती ढकलली की पातं बाहेर आणि खटका बसला की पक्कं. वयस्कर माणसांना बरा पडतो, असं तो म्हणाला. मी त्याला गुंडांचं खेळणं ऐकवलं. त्याने मान हलवली आणि तो चाकू परत खणात ठेवला.

मी गंज न चढणाऱ्या चकचकीत पोलादाचा, नखाने उघडायचा एक निवडला. दुसऱ्या दिवशी तो धाकट्याबरोबर परत आला. निरोप असा होता की तोंड बघायला घरात आरसा आहे. मग लाकडी मुठीचा नेला. तो परत आला तेव्हा निरोप होता की घामाने लाकूड फुगेल, पण वाचनालयात घाम येत नसल्याने हे कुणाला सुचलं नसावं. तिसरा शिंगाच्या मुठीचा, साध्या पोलादाचा, गंजला तरी धार धरणारा. त्याच्यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. तो चौथ्या दिवशी आला. पात्याला धारच नाही, लोणी कापायला ठेव, असं म्हणाले होते.

तो परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने चाकू उजेडात धरला आणि मला विचारलं, वडिलांनी हा उघडला होता का? मी म्हटलं, धार बघितली म्हणजे उघडलाच असणार. त्याने नखाने पातं थोडं उचललं. पातं आणि मूठ यांच्या मधे तेल लावलेल्या कागदाची बारीक पट्टी होती. नव्या प्रत्येक चाकूत ती असते, उघडला की गळून पडते. तिन्ही चाकूंतल्या पट्ट्या जागच्या जागी आल्या, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात दोष नव्हता. माणूस सभ्य होता.

मला त्याचा एकच अर्थ लागला. मी आणलेली वस्तू बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटत नव्हती. न उघडता नावं ठेवत होते, जशी माझ्या कामाला, माझ्या मोडलेल्या लग्नाला आणि माझ्या पुस्तकांना एकही न वाचता ठेवली होती. मी दुकानदाराला म्हटलं, आता तुमच्याकडचा सगळ्यांत कडक स्प्रिंगचा द्या. त्याने दिला. काळी मूठ, तीन बोटांचं पातं. उघडताना माझं नख मुळाशी दुखलं. मी तो मिटवला आणि पट्टी परत जागेवर घातली.

या वेळी धाकट्याकडे दिला नाही, स्वतः कारखान्यात गेले. बाबा खिडकीजवळ स्टुलावर बसले होते. मिस्त्री, म्हणजे बाबांबरोबर तीस वर्षं काम केलेले, एका खुर्चीच्या बैठकीला पट्टे ताणत होते. धाकटा मशीनवर होता. मी चाकू बाबांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो उजव्या हातात घेतला, उलटसुलट केला. डावा हात मांडीखाली होता. अलीकडे ते तसे बसत.

"आलं, चौथं पुस्तक आलं," ते मिस्त्रींना म्हणाले. "ह्याचीही धार कागदावरच असणार."

मिस्त्री हसले नाहीत. तेव्हा मला ते आवडलं होतं.

"उघडून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"उघडून दाखवा. एकदा सगळ्यांसमोर उघडा, आणि मग काय नावं ठेवायची ती ठेवा. आधीचे तिन्ही तुम्ही उघडलेच नव्हते. मला माहीत आहे."

मशीन थांबलं. मिस्त्रींनी हातातला पट्टा सोडला. बाबांनी चाकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पकडलं. मला आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नाही.

मग त्यांनी मांडीखालून डावा हात काढला. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा होता. त्या हाताने त्यांनी मूठ धरली आणि उजव्या नखाने खाचेत धरून पातं ओढलं. पातं हललं नाही, डाव्या हातातून चाकूच निसटला. मांडीवरून उचलून पुन्हा ओढलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो जमिनीवर पडला, काथ्यात. मिस्त्री वाकायला लागले तसे बाबा म्हणाले, "तू पट्टे ओढ." स्वतः वाकले, चाकू उचलला. मूठ उजव्या हातात घट्ट धरून पातं दातांत पकडलं आणि मान मागे घेत चाकू उघडला.

कागदाची पट्टी त्यांच्या ओठाला चिकटली होती. ती त्यांनी थुंकली.

"मिटव," ते म्हणाले, आणि उघडा चाकू माझ्यापुढे धरला.

मी मिटवला.

"झालं समाधान? सापडली चूक?" त्यांनी विचारलं. "आता ठेव तो तुझ्याकडेच. तुला शोभतो."

त्यानंतर ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, मग दुसरा हात, पाय, जीभ, श्वास. या क्रमात एकदाही चूक झाली नाही. तेरा महिने लागले.

मी नोकरीतून अर्धा दिवस सुट्टी घेऊन रोज जात असे. त्याच चाकूने त्यांना सफरचंद सोलून बारीक काप भरवायचे. साल तुटली की ते म्हणत, "तुटली." बस्स, एवढंच. पुढे जीभ जड झाली तरी तो शब्द त्यांना सगळ्यांत शेवटपर्यंत म्हणता येत होता. एका दुपारी साल अख्खी उतरली, देठापासून बुडापर्यंत. मी ती उचलून त्यांच्यासमोर धरली. तोपर्यंत त्यांची वाचा गेली होती. त्यांनी ती साल पाहिली आणि डोळे मिटून घेतले. झोप आली होती की काय, मला सांगता येणार नाही.

ते गेल्यानंतर पाच महिन्यांनी मिस्त्रींचा फोन आला. ताई, सवडीने कारखान्यात या, एवढंच म्हणाले. धाकटा माल आणायला बाहेरगावी गेला होता. आतल्या खोलीत एका वकिलाच्या ऑफिसातला सोफा उलटा ठेवलेला होता, रंग बदलायला आलेला. बाबांनी शेवटी हात लावला तो हाच, मिस्त्री म्हणाले. त्यांनी पाठीमागचं कापड सोडवलं होतं. आत लाकडी चौकटीला, काथ्याच्या थराआड, जाड कॅनव्हासचं एक पुडकं शिवलेलं होतं. टाके मिस्त्रींचे होते. लांबी एकसारखी, मी ओळखते. दीड वर्षाहून जास्त काळ लोक त्याला पाठ टेकून आपापल्या कज्ज्यांची वाट पाहत बसले होते.

"तुम्हीच काढा," ते म्हणाले.

मी पर्समधून तो काळ्या मुठीचा चाकू काढून टाके कापले. कॅनव्हासच्या चार घड्या होत्या. आत बाबांचा जुना चाकू होता. हरवलेला नव्हताच. उघडा होता, आणि पात्याभोवती फडकं गुंडाळून वरून सुतळी बांधली होती, कुणाला लागू नये म्हणून.

मिस्त्रींनी सांगितलं ते असं. चाकू 'हरवला' त्या सकाळी बाबांनी कशीतरी दातांनी चाकूची मूठ धरून तो उघडला, पण मिटवता येईना. अर्धा दिवस ते तो उघडाच, फडक्यात धरून हिंडत होते. धाकटा जेवायला गेला तेव्हा मिस्त्रींकडे दिला आणि म्हणाले, सोफ्यात शिवून टाक.

"मिटवून द्यायचात की त्यांना," मी म्हटलं.

"म्हटलं ना मी. मिटवतो म्हटलं. तर म्हणाले, तू मिटवलास तर माझ्या खिशात तुझा चाकू राहील."

मी विचारलं, मग मी एकामागून एक चाकू आणत होते तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? नुसतं 'एका हाताने उघडणारा आणा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बजावलं होतं त्यांनी. पोरीला कळता कामा नये, ती चुकाच शोधते." मिस्त्रींनी हातावरचा काथ्या झटकला. "आणि त्या दिवशी तुम्ही उघडून दाखवा म्हणालात, तेव्हा मला वाटलं, कळलंच तुम्हाला. कळूनच म्हणताय."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "त्यांनाही तसंच वाटलं?"

"म्हणजे काय. तुम्ही गेल्यावर म्हणाले, माझीच पोरगी. बरोब्बर जागी घातलान चाकू. धाकट्याला जन्मात जमलं नसतं. खूश होते हो ताई त्या संध्याकाळी. मला चहा पाजला."

मी जुना चाकू दोन्ही हातांनी धरून मिटवायला लागले. स्प्रिंगमध्ये गंज होता, पातं अर्ध्यावर अडलं, मग एकदम बसलं. दोन्ही चाकू मी पर्समध्ये ठेवले. मिस्त्रींनी चहा टाकू का विचारलं, मी हो म्हटलं.

चहा पिताना ते बाबांच्या जुन्या गोष्टी सांगत होते आणि मी ऐकत होते. त्या दिवशी मला काहीच कळलेलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.