पत्त्यात दिसणारे नाव

ग्रंथपाल नरहररावांनी ‘मागणी नोंदवा’ हे बटण दाबले आणि बोट भाजल्यासारखे मागे घेतले. पान बदलले. नव्या पानावर अक्षरे उमटली : ‘शोभाबाई, तुमची मागणी पोचली.’

पुलगावच्या वाचनालयात वाचकांसाठी एकच संगणक होता. उद्यापासून पुस्तके त्यावरूनच मागायची होती. ती सोय रुपाने सुट्टीत येऊन पायथॉन या संगणकाच्या भाषेत फुकट करून दिली होती. ती शाळकरी असल्यापासून इथली वाचक. आता नागपुरात नोकरीला. एका पानावरचे नाव दुसरे पान कसे ओळखते, हे नरहररावांना जादूसारखे वाटले. रुपा हसून म्हणाली की रिडायरेक्ट, म्हणजे एका पानावरून आपोआप दुसऱ्यावर नेणे, मोठे विसराळू असते, म्हणून नाव पानाच्या पत्त्यातच लिहून पुढे धाडावे लागते.

त्यांनी वर पाहिले. पत्त्याच्या ओळीत शोभाबाईंचे नाव होते आणि पुढे विषय : दारू सोडवणे. सकाळी दाराशी उभे राहून शोभाबाईंनी या विषयाचे पुस्तक हळूच मागितले होते; तीच मागणी नरहररावांनी चाचणी म्हणून भरली होती.

त्यांनी चष्मा दोनदा पुसला. आयुष्य शिक्के मारण्यात गेले, आपल्याला यातले काय कळते? रुपाने बॅग उचलली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटले.

“माझं चुकत असेल, पण हे वरचं... नंतर इथं बसणाऱ्याले दिसन ना?”

रुपाने वाकून वरची ओळ पुन्हा वाचली. मुलगी दुखावली, असे त्यांना वाटले. तिने बॅग खाली ठेवली आणि पुन्हा बसली. बोटे न थांबवता ती सांगत होती : नाव आता सेशनमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या नोंदीत राहील, पुढचे पान ते एकदाच उचलून दाखवील आणि लगेच टाकून देईल. आधीच्या चाचणीचा मागही तिने संगणकातून पुसला. नरहरराव मागे उभे राहून कौतुकाने पाहत राहिले.

पुन्हा बटण दाबले. शोभाबाईंचे नाव पानावर आले. वरच्या ओळीत मात्र नव्हते.

“काय हुशार आहेस गं,” ते म्हणाले.

“नाई काका. हे तर मलेच आधी सुचायले पाहिजे होतं.” तिची नजर पडद्यावरच होती. “दहावीत असतानी मी अंगावरच्या पांढऱ्या डागांचं पुस्तक मागतलं होतं. समोर वर्गातल्या पोरी बसल्या होत्या. तुम्ही पेपरात गुंडाळून देल्लं.”

नरहररावांना ते काही केल्या आठवेना. अशी किती पुस्तके दिली असतील.

त्यांनी कपाटातून शोभाबाईंचे पुस्तक काढले, टेबलावरचा कालचा पेपर ओढला. घडी नीट बसेना. रुपाने उठून दुसरे टोक धरले.