आबाजींची डावी भुवई

वरकुट्याच्या आमच्या गजी ढोलाचे म्होरके आबाजी. बावीस ढोल, आठ झांजा आणि आबाजींच्या उजव्या हातातला लाल रुमाल. रुमाल वर गेला की ढोल चढायचे, खाली आला की थांबायचे. माघात आबाजींना झटका आला आणि उजवा हातच खाली आला, डाव्यातही जोर राहिला नाही. वैशाखात नरसिंहपूरला वाजवायचं होतं. तिथं आबाजींना जमलं तर ठीक, नाहीतर म्होरकेपण पुतण्या शंभूराजकडं, असं ठरलं.

मी ढोल वाजवतो आणि इंदापुरात मोबाईल दुरुस्त करतो. त्यामुळं आजारी माणसाला औषध सोडून बाकी सगळं द्यायची माझी तयारी असते. मी आबाजींना वाद्यवृंदांची रेकॉर्डिंग दाखवायला लागलो.

काळ्या कोटातली शंभर माणसं बसलेली आणि पुढं एक जण काडी हलवतोय. त्याचं परदेशी नाव कुणाच्या तोंडात बसेना. आबाजींच्या पत्नी सारजाकाकू म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या कन्हेरीच्या रामहरीवानी दिसतुया." तेव्हापासून तो रामहरी.

"त्यो मागचा झांजवाला बघ," आबाजी म्हणाले. "पाऊण तास नुसता बसलाय. घरी काय सांगत आसंल?"

"तुमी काय सांगत हुता?" काकू म्हणाल्या.

रामहरीनं एकच रचना आयुष्यात तीनदा रेकॉर्ड केली होती. बत्तिसाव्या वर्षी तेहतीस मिनिटांत. केस असे उडत होते की त्यांचा वेगळा पगार असावा. पन्नाशीत छत्तीस मिनिटं. आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी, खुर्चीत बसून, चव्वेचाळीस.

हे तिसरं रेकॉर्डिंग आबाजी रोज दुपारी लावायला सांगायचे. वारा नसताना ऊस हलायचा. मेंढ्या रवंथ करता करता थांबायच्या आणि सगळ्या मिळून पुन्हा सुरू करायच्या. एकदा आबाजी म्हणाले, रामहरी सपनात आलता, भीमेच्या पाण्यावर खुर्ची टाकून बसलाता, खालचे मासे वळीनं उभे हुते.

"काय म्हनला?" मी विचारलं.

"काय न्हाय. भुवई उचलली."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. आबाजींची डावी भुवई वर गेली होती. झटक्यानं तेवढी सोडली होती.

नरसिंहपूरला संगमाच्या घाटावर आम्ही प्लास्टिकची खुर्ची मांडली. आबाजी बसले. आता रुमालाऐवजी भुवई बघायची होती, म्हणून बावीस ढोलकरी त्यांच्या तोंडाकडं बघत गोल उभे राहिले. सगळ्यांना आपण काहीतरी चुकलोय असं वाटायला लागलं.

भुवई उचलली. ढोल लागले, इतके सावकाश की दोन ठोक्यांच्या मधे नीरेचं पाणी भीमेत शिरताना ऐकू यायचं. नाचणारी पोरं पाय उचलून तो कधी टेकवायचा याची वाट बघत होती. मग भुवईवर माशी बसली. भुवई थरथरली, आम्ही सुसाट सुटलो. माशी उडाली, आम्ही परत जागेवर. लोक म्हणाले, काय चाल बांधलीय!

आणि मधेच आबाजींनी डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर काय करायचं हे ठरलंच नव्हतं. आम्ही रुमालावर वाढलेली माणसं. काही खाली आलं की थांबायचं. सगळे ढोल एका दमात थांबले. घाटावर एवढी शांतता झाली की काकू "अवो!" म्हणून धावल्या. शंभूराजनं ढोल टाकून आबाजींच्या नाकाखाली बोट धरलं.

आबाजींनी डोळे उघडले. "थांबलात का रं? आत्ता कुठं लागलं हुतं."

"आबा, तुमी डोळं मिटलं," शंभूराजचा आवाज फाटला.

"बरं वाटल्यावर मान्सानं डोळं बी मिटायचं न्हाईत व्हय?"

"न्हाय. म्होरक्यानं न्हाय मिटायचं." असं म्हणून शंभूराजनं आपला ढोल पुन्हा गळ्यात घातला आणि गोलात जाऊन उभा राहिला.

भुवई वर गेली. उन्हं संगमावरून थेट तोंडावर येत होती, तरी आबाजींनी डोळे उघडेच ठेवले. थोड्या वेळानं त्यांतून पाणी यायला लागलं.

"ह्याचा अर्थ काय? हळू का जोरात?" शेजारच्यानं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. शंभूराजनं हळू केलं, मग आम्हीही केलं.