न पोचलेला राजीनामा

पक्षाच्या कचेरीत चार अध्यक्ष बदलले, पण चिटणीस एकच राहिले. त्यांच्या शिक्क्याशिवाय कागद हलत नसे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. पक्षाने दिवसाला रात्र म्हटलं, तर काका दिवा लावून मोकळे होत. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. घरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, एवढंच त्यांचं राजकारण.

मास्तर हे त्यांचे तीस वर्षांचे मित्र. दोघं एकाच दिवशी पक्षात आले होते. मास्तर शाळेत भूमिती शिकवत. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय त्यांना तिथूनच लागली होती, आणि कार्यकर्त्याला ती परवडत नाही.

पक्षाने गाजावाजा करून बांधलेल्या शाळेच्या एका वर्गाचं छत कोसळलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून पोरं वाचली. पक्षाने तिघांची चौकशी समिती नेमली, त्यात मास्तर. पहिल्याच बैठकीत समितीचा अहवाल तयार होऊन सहीसाठी समोर आला. 'वादळामुळे छत कोसळले.'

"त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"वादळ वरच्या थरातलं होतं," अध्यक्षांनी समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी काकांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. "राजीनामा आहे. अध्यक्षांच्या हातात दे."

"अरे, डोकं जरा थंड होऊ दे."

"थंड आहे. म्हणून तर अक्षर इतकं चांगलं आलंय."

काकांनी पाकीट खणात टाकलं. पुढे दिलं, तर मास्तर दुसऱ्या दिवसापासून गद्दार ठरणार. फाडावं, तर हात धजेना. चार दिवसांत निवळेल, साप मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा त्यांचा हिशेब. आठवड्याने मास्तर रस्त्यात भेटले.

"दिलंस?"

"दिलं की."

"काय म्हणाले?"

"विचार करून कळवतो म्हणाले."

थाप इतकी सहज निघाली की काका स्वतःच चकित झाले. मग त्यांना वाटलं, इतक्या वर्षांचा सराव कुठे जाणार?

आठ महिने गेले. मास्तर कचेरीत फिरकले नाहीत आणि काकांनी मास्तरांची गल्ली टाळली. मग एके दुपारी जेवून वहीचं पान उलटत बसलेले मास्तर बसल्या जागीच गेले.

अध्यक्षांना फार वाईट वाटलं. निवडणूक तोंडावर होती आणि मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनी निम्मी मतदारयादी भरली होती. त्यांनी लगेच विचारलं, "मास्तर आपले सभासद होते ना?"

"नोंदवहीत नाव आहे," काका म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं.

शोकसभेच्या दिवशी मास्तरांच्या बायकोला आणायला काकाच गेले. वहिनी तयार होऊन बसल्या होत्या.

"भावोजी, एक विचारू? ह्यांचं पत्र अध्यक्षांना मिळालं होतं का हो?"

काकांनी चपलांकडे बघितलं.

"रोज दुपारी टपालपेटी उघडायचे. मी म्हणायची, निदान शिव्या देणारं तरी उत्तर येईल. शेवटी शेवटी म्हणाले, मी इतका किरकोळ माणूस होतो हे मला माहीतच नव्हतं."

"चला वहिनी, गाडी उभी आहे," एवढंच काकांच्या तोंडून निघालं. वाटेत त्यांनी गाडी कचेरीशी थांबवली, वर जाऊन खण उघडला आणि पाकीट खिशात घातलं.

सभागृह भरलं होतं. "मास्तरांनी शेवटच्या श्वासापर्यंत पक्षाची साथ सोडली नाही!" अध्यक्ष गरजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून अर्ध्यावर थांबवल्या.

काकांना शोकठराव वाचायचा होता. त्यांनी पाकीट काढलं.

"ठरावाआधी हे वाचतो. मास्तरांचं पत्र आहे. आठ महिने माझ्या खणात होतं. मी ते पुढे दिलंच नाही, आणि मास्तरांना दिलं म्हणून सांगितलं."

मग त्यांनी वाचलं. "वादळ आलं नव्हतं. छतात लोखंड कमी होतं. माझा पक्षावर राग नाही. पण या अहवालावर सही करून मला पुन्हा फळ्यासमोर उभं राहता येणार नाही. आजपासून मला सभासद समजू नये."

पहिल्या रांगेत वहिनी काकांकडे बघत होत्या. त्या नजरेला नजर देणं काकांना जमलं नाही. मग मागून कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

अध्यक्ष कसलेले. ते डोळे पुसत उठले. "असं पत्र लिहायची मोकळीक दुसऱ्या कुठल्या पक्षात आहे, सांगा!" ठरावात 'निर्भीड' हा शब्द वाढवला आणि तो एकमताने मंजूर झाला. छताचं नाव कुणी काढलं नाही.

चार दिवसांनी काकांना शिस्त समितीपुढे बोलावणं आलं.

"खरं बोललात म्हणून नव्हे हं," अध्यक्ष म्हणाले. "पक्षाला सत्याचं वावडं नाही. पण एका सभासदाचा राजीनामा आठ महिने दडवायचा? हा अप्रामाणिकपणा झाला."

काकांनी विचार केला. आरोप शंभर टक्के खरा होता. "कबूल," ते म्हणाले. "आणि छताचं काय?"

"तो विषय आज घेतलेला नाही." अध्यक्षांनी आवाज उतरवला. "काका, तुम्ही आपले आहात. पत्र मास्तरांचं नव्हतं, दुःखाच्या भरात मीच लिहिलं, असं द्या लिहून. शिक्का तुमच्याकडेच राहील."

"मास्तरांशी एकदा खोटं बोललो. आता ते गेल्यावर परत बोलू?"

काकांना सहा वर्षांसाठी काढलं. कारण लिहिलं होतं, 'सत्य दडवल्याबद्दल'. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि आठ महिने टाळलेल्या गल्लीत शिरले.

दार वहिनींनी उघडलं. "माफ केलंय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "पण आत या."

त्यांनी कपाटातून मास्तरांची वही काढली. पडलेल्या छताची मापं, सळ्यांची संख्या, भिंतींच्या आकृत्या, सगळं पानोपानी मांडलेलं होतं.

"हे वर्तमानपत्राकडे द्यायचंय. मला नीट लिहिता येत नाही."

काकांनी चष्मा पुसला, कोरा कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली.